दूध, तूप आणि मी अर्धीच सांगितलेली गोष्ट

(मिशनच्या आरोग्य-कार्यकर्त्यांच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या कार्यकर्त्यांसाठी व आपल्या वाचकांसाठी ते येथे देत आहोत.)



मला निमंत्रण आलं तेव्हा विषय दिला होता ‘अन्नातील प्रदूषण’. मी म्हटलं, एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी नर्सबाई. पस्तीस वर्षं मोखाडा-जव्हारच्या डोंगरात इंजेक्शनं दिली, बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली. पण या विषयात मी एक चूक केली होती. ती चूक सांगायला मिळणार असेल तर येते, असं कळवलं. साहेबांनी होकार दिला, म्हणून आज उभी आहे.

आधी चूक सांगते, मग शास्त्र.

मी १९८४ साली कामाला लागले. तेव्हा आमच्या फिरत्या दवाखान्याच्या पेटीत मलमपट्टीच्या सामानाशेजारी एक डबा असायचा. गॅमेक्सिन पावडरचा. इथे पिकल्या केसांचे जे आहेत त्यांना तो वास अजून आठवत असेल. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या, लाव पावडर. शेळीला गोचीड झाले, चोळ पावडर. नाचणीच्या कणगीला टोके लागले, टाक चिमूटभर पावडर. कोणी तक्रार करत नव्हतं, कारण उवा मरायच्या, गोचीड गळायचे. मी स्वतःच्या हातांनी कितीतरी शेळ्यांच्या पाठी चोळल्या आहेत. नंतर हात धुवायचे आणि त्याच घरी कोरा चहा प्यायचा. आम्हाला कोणी वेगळं सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

मग १९९३ साल आलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातल्या दुधाची पाहणी प्रसिद्ध केली. १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने घेतले होते. त्यातल्या सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी सापडलं. ३७ टक्के नमुन्यांत ते ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. एका नमुन्यात ते २.२ मिलिग्रॅम निघालं, म्हणजे मर्यादेच्या ४४ पट. आणि मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे होतं? आपल्या महाराष्ट्रात. ७४ टक्के. गॅमेक्सिन ज्या एचसीएचपासून बनतं, तेही बहुतेक नमुन्यांत होतं.

त्याची बातमी माझ्या वाचनात आली. मी हादरले. डबा पेटीतून काढला, हे बरं केलं. पण त्याच आठवड्यात एका पाड्यावर मातांची बैठक होती. तिथे मी तावातावाने बोलले, “बायांनो, दुधात विष आहे, तुपात विष आहे, आईच्या दुधातसुद्धा हे विष उतरतं.” बोलले आणि पुढच्या पाड्याला निघून गेले.

तीन आठवड्यांनी परत आले. एका घरात अडीच महिन्यांचा मुलगा फडक्यात निपचित पडलेला. डोळे खोल गेलेले, टाळू खाली बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. हगवण लागून तीन दिवस झाले होते. मी आईला विचारलं, “अंगावर पाजतेस ना गं?” ती खाली बघत राहिली. मग तिची सासू म्हणाली, “बाई, तुम्हीच नाय का सांगितला, आईच्या दुधात विष हाय. मंग आम्ही शेळीचा दूध पाणी घालून बाटलीनं देतो.”

ती बाटली मी हातात घेतली. तळाशी फाटलेलं दूध, बुचावर माश्या. आणि शेळी कोणती? जिच्या पाठीवर मीच पावडर चोळली होती ती.

मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत आम्ही त्या बाळाला जीपने तालुक्याला नेलं. सलाइन लागलं. बाळ वाचलं. आईला पान्हा परत यावा म्हणून दर दोन तासांनी बाळ छातीला लावायचं, असं दहा-बारा दिवस केलं, आणि दूध आलं. आज तो मुलगा बापमाणूस झाला आहे, स्वतःचा टेम्पो चालवतो. पण त्या रात्री जीपमध्ये माझ्या मनात एकच होतं. मी खोटं बोलले नव्हते. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरी त्या अर्ध्या खऱ्याने एक मूल मरणाच्या दारात गेलं होतं.

म्हणून आज मी उरलेली अर्धी गोष्ट सांगणार आहे. तुम्ही ती पाड्यावर सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. वेळ नसेल तर अजिबात सांगू नका, पण अर्धी सांगू नका.

आता शास्त्र. घाबरू नका, चुलीवरच समजेल असं आहे.

कोंबडीचा रस्सा केला की वर लाल तर्री येते. मिरचीचा लाल रंग कुठे जातो? तेलात. खाली पाणी फिकट, वर तेल लाल. मीठ मात्र तेलात जात नाही, ते पाण्यात विरघळतं. आपल्या पोटात जाणाऱ्या पदार्थांचंही असंच असतं. जे पाण्यात विरघळतं त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. जे तेलात विरघळतं ते मिरचीच्या रंगासारखं चरबीत जाऊन बसतं. डीडीटी, गॅमेक्सिन, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं पीसीबी, प्लास्टिक जाळल्यावर तयार होणारं डायॉक्सिन ही सगळी तर्रीवाली मंडळी. त्यातून ती लवकर मोडत नाहीत. डायॉक्सिन माणसाच्या शरीरातून निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. जमिनीत पडलेलं डीडीटीही वर्षानुवर्षं राहतं.

दुसरी गोष्ट, ही विषं पायरी-पायरीने चढतात. याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचं तळं आहे. तिथे चिलटांचा त्रास होता. १९४९ साली तळ्यात डीडीटीचंच भावंड असलेलं डीडीडी हे औषध टाकलं. १९५४ आणि १९५७ साली पुन्हा टाकलं. या दोन वेळची मात्रा किती? पाच कोटी भाग पाण्यात एक भाग औषध. शेवटच्या वेळेनंतर थोड्याच दिवसांनी पाणी तपासलं, तर त्यात औषधाचा मागमूस नाही. लोकांना वाटलं, गेलं वाहून. पण तळ्यावरचे ग्रीब पक्षी मरायला लागले. आपल्या तळ्यातल्या टिबुकलीची ही मोठी बहीण समजा. त्यांच्या चरबीत औषध निघालं दहा लाख भागांत १६०० भाग. म्हणजे पाण्यात टाकलं त्याच्या ८० हजार पट. पाण्यातून ते शेवाळात आणि बारीक जिवांत गेलं, ते खाणाऱ्या माशांत गेलं, मासे खाणाऱ्या पक्ष्यांत गेलं. प्रत्येक पायरीवर वाढत गेलं. तिथे ग्रीबच्या हजारावर जोड्या घरटी करायच्या. १९६० साली तीसेक उरल्या, आणि त्यांनाही पिल्लं दिसेनात. रेचल कार्सन या बाईंनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात ही हकिगत लिहिली आणि जग जागं झालं.

आपल्याकडची शिडी बघा. कपाशीवर फवारणी, सरकीची पेंड, पेंड खाणारी म्हैस, म्हशीचं दूध, दुधाची साय, सायीचं तूप, तूप खाणारा माणूस. आणि शिडीच्या अगदी शेवटच्या पायरीवर कोण बसलंय? आईच्या अंगावर पिणारं बाळ. कारण आईच्या दुधातली चरबी काही प्रमाणात तिच्या शरीरात साठलेल्या चरबीतून येते, आणि चरबीत जे साठलं ते थोडं थोडं दुधात येतं. अमेरिकेत १९५१ सालीच आयांच्या दुधात डीडीटी सापडलं होतं. पहिल्या बाळाला त्याचा वाटा जास्त मिळतो, पुढच्यांना कमी. हे ऐकायला वाईट वाटतं. पण खरं आहे, लपवून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट ऐका, मग पूर्ण उत्तराकडे येऊ. ही गोष्ट आपल्यासारख्याच आदिवासी बांधवांची आहे. कॅनडाच्या उत्तरेला नुनाविक नावाचा प्रदेश आहे. तिथे इन्युइट लोक राहतात. बर्फाचा मुलूख. शेती नाही, कारखाना नाही. सील आणि देवमाशाची चरबी हे त्यांचं जुनं अन्न. तीच त्यांची ऊब, तीच ताकद. एरिक देवायी नावाचे एक डॉक्टर १९८० च्या दशकात क्यूबेकमधल्या आयांचं दूध तपासत होते. शहराजवळच्या आयांच्या दुधाशी तुलना करायला त्यांना स्वच्छ दूध हवं होतं. त्यांना वाटलं, बर्फातल्या आयांचं दूध सगळ्यात शुद्ध असणार. तपासलं, तर इन्युइट आयांच्या दुधात पीसीबी दक्षिणेतल्या आयांच्या सुमारे पाच पट निघालं. त्यांनी ना ट्रान्सफॉर्मर बनवले, ना वापरले. वारा आणि समुद्र दूरच्या कारखान्यांतलं विष तिकडे घेऊन गेले. तिथे ते माशात गेलं, माशातून सीलमध्ये, सीलच्या चरबीतून आईत. ज्यांनी काही केलं नाही, त्यांच्याच ताटात ते सगळ्यात जास्त साठलं.

हे ऐकलं तेव्हा मला आपले पाडे आठवले. द्राक्षं पिकतात दिंडोरी-निफाडला, चिकू पिकतो डहाणूला. बाजार दुसऱ्यांचा, पैसा दुसऱ्यांचा. फवारणीचा पंप मात्र आपल्या पोराच्या पाठीवर, आणि औषधाचा रिकामा कॅन आपल्या घराच्या पडवीत.

आता मुख्य प्रश्न. इन्युइट आयांना तिथल्या आरोग्यवाल्यांनी काय सांगितलं? दूध पाजणं बंद करा, असं सांगितलं का? नाही. पाजत राहा, असंच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. का? कारण आईच्या दुधात बाळाला हगवण आणि न्यूमोनियापासून वाचवणारी ताकद आहे, आणि ती बाटलीत नाही. विषाचा जो अंश असतो त्याचा धोका दूरचा असतो. बाटलीचा धोका आजचा, या आठवड्याचा असतो. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. शिवाय बाटलीतलं दूध येतं कुठून? शेळीचं, गाईचं, म्हशीचं. ती जनावरं काय वेगळ्या जगात चरतात? तेव्हा पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत आईचं दूध. यात एक अक्षर बदलायचं नाही. कोणी मोबाइलवर काही दाखवलं तरी नाही.

तसंच दूध, अंडी, मासे, तूप याबद्दल. शहरात पोटं सुटलेल्या लोकांना चरबी कमी खा, मटणाची चरबी काढून टाका, असं सांगणं योग्य आहे. आपल्या अंगणवाडीतल्या लाल रेघेखालच्या मुलाला तसं सांगणं हा गुन्हा आहे. त्याच्या वरणभातावरचं चमचाभर तूप काढू नका. त्याचं अंडं काढू नका. आपल्या मुलांना चरबी जास्त होत नाही, कमी पडते. फक्त दोन गोष्टी सांगा. ओढ्याचे छोटे मासे चांगले, कारण ते शिडीच्या खालच्या पायरीवरचे आहेत. आणि रोज एकच एक खाण्यापेक्षा आलटून-पालटून खा. डाळ, वाल, नाचणी, रानभाज्या, खुरासणीचं तेल, सगळं येऊ द्या.

कोणी विचारेल, दूध उकळलं तर विष जातं का? नाही जात. उकळून जंतू मरतात, म्हणून उकळायचंच. पण चरबीतलं औषध तसंच राहतं. साय काढली तर ते सायीबरोबर तुपात जातं. मांस धुऊनही जात नाही. म्हणजे स्वयंपाकघरात हा प्रश्न सुटत नाही. मग सुटतो कुठे? शिडीच्या खालच्या पायरीवर. विष चढायच्या आधी.

तिथे आपल्या हातात काय आहे ते सांगते.

पहिलं, औषधाचे कॅन. मजुरीवरून येताना निळा-पांढरा चांगला कॅन दिसला की घरी आणायचा, धुवायचा आणि त्यात पाणी, तेल, मोह भरायचा. हे मी शेकडो घरांत पाहिलंय. धुऊन तो स्वच्छ होत नाही. औषध प्लास्टिकात मुरतं, आणि आत तेल भरलं की तेल त्याला बाहेर ओढतं. तर्री आठवा. तो कॅन मालकाच्या शेतावरच तीन वेळा विसळायचा, विसळलेलं पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, कॅनला भोकं पाडायची आणि मालकाच्या ताब्यात द्यायचा. भोकं महत्त्वाची. भोक पडलेला कॅन कोणी घरी नेत नाही.

दुसरं, डोहातले मासे. आपले आजोबा झाडाची साल, फळं कुटून मासे गुंगवायचे. आता काही पोरं फवारणीचं औषध डोहात ओततात. एका तासात मासे वर. पण तेच औषध माशात, तेच खाली पाणी भरणाऱ्या बायांच्या हंड्यात, तेच गुरांच्या पोटात. याला पाड्याच्या पंचांनी बंदी घालावी. ज्या पाड्यांनी घातली तिथे पोरं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तिसरं, जाळणं. पाइपाचे तुकडे, वायरी, टायर, प्लास्टिकच्या पिशव्या अंगणात जाळू नका. तांब्यासाठी वायर जाळणारे तर रोज हे करतात. त्या धुरात आणि राखेत डायॉक्सिन तयार होतं. माणसाच्या अंगात जे डायॉक्सिन जातं, त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त अन्नातून जातं, मुख्यतः मांस, दूध, मासे यांतून. आता विचार करा, आपली गावठी कोंबडी दिवसभर कुठे टोचत असते? त्याच राखेत. आणि अंड्याच्या बलकात असते चरबी. गावठी अंडं चांगलंच, पण ती कोंबडी कुठे चरते ते बघा. चूल पेटवायला प्लास्टिक तर मुळीच वापरू नका.

चौथं, शेळ्या आणि चारा. बागेत छाटणी झाली की हिरवा पाला फुकट मिळतो. पाला आणण्याआधी फवारणी कधी झाली ते विचारा. प्रत्येक औषधाच्या लेबलवर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. गोचीड झाले तर पिकाचं औषध चोळू नका, पशुवैद्यांकडून जनावराचं औषध घ्या, आणि किती दिवस दूध काढायचं नाही ते त्यांनाच विचारा.

पाचवं, धान्य. कणगीत पावडर नको. चांगलं खडखडीत वाळवा, कडुनिंबाचा पाला घाला, चुलीतली लाकडाची स्वच्छ राख मिसळा. हे आपल्या आज्यांना येत होतं. मी पावडर घेऊन आले आणि त्या विसरल्या. आता मीच परत आठवण करून देते.

सहावं, हिवतापाची फवारणी. इथे मला फार जपून बोलायचं आहे, कारण इथेही अर्धी गोष्ट घातक आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख लोक मरायचे. १९५३ साली डीडीटीची मोहीम सुरू झाली, आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखावर आले. घराघरात फिरणाऱ्या फवारेवाल्यांनी किती जीव वाचवले याला गणती नाही. आज गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अजून हिवताप माणसं मारतो. तेव्हा विषाचं कारण सांगून फवारणीवाल्यांना परत पाठवू नका. फक्त फवारणीच्या दिवशी धान्य, भांडी, पाणी, चारा, गव्हाण, कोंबड्या बाहेर काढा किंवा झाका. लहान मुलं बाहेर ठेवा. नंतर भिंती लगेच सारवू नका, नाहीतर औषधही वाया आणि डासही जिवंत. उरलेलं औषध कोणी देऊ केलं तर शेतासाठी, उवांसाठी घेऊ नका. आणि मच्छरदाणी रोज लावा. मच्छरदाणीने मासे पकडू नका.

आता कोणी म्हणेल, नर्सबाई, सगळं जगच असं झालंय, आपण सहा गोष्टी करून काय होणार? होतं. म्हणून शेवटची गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये १९७० च्या सुमारास डीडीटीवर बंदी यायला लागली. तिथे तेव्हापासून आयांचं दूध वर्षानुवर्षं तपासत आले. डीडीटी कमी होत होत कित्येक पटींनी उतरलं. ज्या शिडीने विष चढतं त्याच शिडीवर ते उतरतंही, खालून पुरवठा बंद केला की. आपल्याकडे १९८९ साली शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला. १९९७ साली ते गॅमेक्सिन ज्यापासून व्हायचं त्या बीएचसीवर बंदी आली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवलं. २००६ साली आपला देश स्टॉकहोम करारात सामील झाला. अशी टिकाऊ विषं जगातून हटवण्यासाठीच तो करार आहे. आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने गॅमेक्सिनमधल्या लिंडेनला कर्करोगाचं कारण म्हणून जाहीर केलं, डीडीटीला ‘बहुधा कारण’ म्हटलं. ते वाचलं तेव्हा मी माझ्या हातांकडे बघत बसले होते.

या बंद्या कोणीतरी तपासलं म्हणून आल्या. कोणीतरी २२०५ बाटल्या दूध गोळा केलं, लेबलं लावली, मोजलं. तुम्ही पाड्यावर वजनं घेता, नोंदी करता, तेही हेच काम आहे. त्याला कमी समजू नका.

त्या बाळाची आई परवा बाजारात भेटली. आता तिची सून बाळंत झाली आहे. मला म्हणाली, “बाई, सुनेला मीच सांगितलं, अंगावरच पाज. आन् पडवीतला निळा कॅन भोसकून टाकला.” मी तिला विचारलं, “माझा राग नाही ना आला कधी?” ती म्हणाली, “आला होता. पण तुम्ही परत आलात ना.”

बहिणींनो, भावांनो, आपल्या कामात चुका होतात. मला तिने एवढंच शिकवलं की परत जायचं. जिथे अर्धं सांगितलं तिथे जाऊन उरलेलं सांगायचं. तेव्हा आज घरी गेलात की आधी स्वतःच्या पडवीतले कॅन मोजा. मग शेजारचे मोजा. आणि पुढच्या बैठकीत बोलायला उभ्या राहाल तेव्हा पहिलं वाक्य हे म्हणा, “बाळाला अंगावर पाजत राहा.” बाकी सगळं त्यानंतर.